१९५१ ची शेवरोले पिकअप विकायची आहे: किती सांगावी, कोणाला द्यावी?

अनुजा_टिंबरमार्केट

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९५१ ची शेवरोले ३१०० पिकअप आहे. अर्धा टनी, उजव्या हाताचं स्टिअरिंग, सहा सिलिंडरचं २१६ घनइंची पेट्रोल इंजिन, सहा व्होल्टची वायरिंग, गर्द हिरवा रंग. आजोबांनी ती भवानी पेठेतल्या वखारीसाठी जुनीच घेतली होती. पुढे बरीच वर्षं वखारीच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती. निवृत्तीनंतर बाबांनी ती पुन्हा उभी केली. इंजिन पूर्ण उघडून केलं, पत्रा सडला होता तेवढाच कापून नवा जोडला, बाकीचा मूळचा ठेवला. हौद्याच्या फळ्या सागवानी आहेत, घरात लाकूडही होतं आणि पारखही.

आता वखार राहिली नाही. सदाशिव पेठेतली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेलीय आणि भाड्याच्या घराला एकाच गाडीचं पार्किंग आहे. बाबांच्या गुडघ्यांना तो क्लच झेपत नाही. विकायचं त्यांनीच ठरवलं.

दोन गिऱ्हाइकं आहेत. एका रिसॉर्टवाल्यांनी १४ लाख सांगितलेत. त्यांना ती फाटकाशी कायमची उभी करायचीय, हौद्यात फुलझाडं लावून. दुसरा सासवडकडचा एक मुलगा आहे, त्याला चालवायला हवीय, पण त्याची उडी १० पर्यंतच. बाबांचा खर्चच साडेनऊच्या घरात गेलाय.

अशा गाडीची किंमत कशी ठरवतात? कागदपत्रांचं काय करायचं? आणि तुम्ही असतात तर कोणाला दिली असती? ती चालती राहावी असं मला मनापासून वाटतं. पण चार लाख ही आमच्या घरात लहान रक्कम नाही.

शनिवारपेठी

फोटो दिसत नाहीयेत.

अनुजा_टिंबरमार्केट

दुरुस्त केलेत. आता बघा.

शनिवारपेठी

दिसले. काय देखणी आहे! बाबांना साष्टांग नमस्कार सांगा.

नानापेठेतला_नाना

ताई, किमतीआधी साल पक्कं करा. आरटीओच्या नोंदणी पुस्तकात १९५१ लिहिलंय म्हणजे गाडी १९५१ चीच असं नसतं, कधी कधी ते नोंदणीचं साल असतं. या मॉडेलची बॉडी १९४७ पासून पुढे थोड्याथोड्या फरकाने तीच राहिली, त्यामुळे लहान खुणा बघायच्या. दाराच्या काचेत पुढे तिकोनी फिरती काच आहे का? ती १९५१ ला आली. दाराचं बाहेरचं हँडल खाली दाबून फिरवायचं आहे की बटणाचं? बटण १९५२ पासून. पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच आहे ना? आधीच्या गाड्यांना ती हौद्याखाली असायची. तिकोनी काच आणि फिरवायचं हँडल एकत्र सापडलं तर १९५१ वर शिक्का मारा.

अनुजा_टिंबरमार्केट

@नानापेठेतला_नाना, तिकोनी काच आहे, हँडल फिरवायचं आहे, टाकी सीटमागे आहे. बाबांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "या माणसाला चहाला बोलाव."

नानापेठेतला_नाना

येतो की! बुधवारी जुन्या बाजारात चक्कर असतेच, तिथून येतो.

इतिहासप्रेमी_खडकी

या गाड्या इथे कुठून आल्या, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून लिहितो. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांमधून बोटीने यायचे आणि तिथे गाडी जोडली जायची. शेवरोलेच्या मोटारी आणि ट्रक तिथून देशभर गेले. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण बदललं. नुसती जोडणी नको, भागही इथेच बनवा, असा आग्रह झाला आणि १९५४ मध्ये कंपनीने शिवडीचं काम गुंडाळलं. म्हणजे अनुजाताईंची गाडी त्या शेवटच्या काही वर्षांतली. केबिनमध्ये किंवा इंजिनमागच्या पत्र्यावर जोडणीची पट्टी शाबूत असेल तर तिला हात लावू नका, पॉलिशही नको. नव्या रंगापेक्षा ती पट्टी मोलाची.

अवांतर: ज्यांना पुण्याची मालवाहू गाडी म्हटलं की बजाज टेम्पोच आठवतो, त्यांच्यासाठी. ती कंपनी १९५८ ची, जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीशी करार करून निघालेली. तीनचाकी हॅन्सीट आधी, मॅटॅडोर नंतर. त्याआधी व्यापाऱ्याला छोटी मालगाडी हवी तर बैलगाडी, हातगाडी, नाहीतर अशी अमेरिकन पिकअप.

मंडईची_लेक

हॅन्सीट! मंडईत पहाटे भाजीची पोती उतरवताना पाहिलेत. पुढचं एकच चाक आणि त्यावर एवढा भार, वळताना आमच्या आजीचा जीव टांगणीला लागायचा. तीनचाकीवर वेगळा धागा काढा ना कोणीतरी.

खोचक_नाही_खरंच

एक शंका, राग मानू नका. मूळची पिकअप आहे की व्हॅन किंवा स्टेशन वॅगन कापून केलेली? त्या काळी बऱ्याच गाड्या केबिन आणि चासी एवढ्यावर यायच्या आणि मागची बॉडी इथला सुतार नाहीतर लोहार बांधायचा. हौदा मूळचा असेल तर किंमत वेगळी, इथे बांधलेला असेल तर वेगळी. दोन्हीत लाज काहीच नाही, पण गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायला हवं.

अनुजा_टिंबरमार्केट

रास्त प्रश्न आहे. मागच्या फळकुटावर, म्हणजे उघडायच्या झाकणावर, पत्र्यातच ठोकून उठवलेली शेवरोलेची इंग्रजी अक्षरं आहेत. बाजूचे पत्रे जुने आहेत, डावीकडचा खालचा अर्धा नवा. तळाच्या फळ्या आम्ही घातलेल्या, मधल्या लोखंडी पट्ट्या मूळच्या. मूळच्या दोन फळ्या बऱ्या निघाल्या, त्या तेल लावून वेगळ्या ठेवल्यात.

खोचक_नाही_खरंच

अक्षरं पत्र्यातच उठलेली असतील तर झाकण कंपनीचं. त्या दोन फळ्या गाडीबरोबरच द्या, आणि कुठला पत्रा नवा ते आता सांगितलंत तसंच विकताना लिहून द्या. इतकं स्वच्छ सांगणारा विकणारा क्वचित भेटतो.

भोसरी_रीकंडिशन

आमचं घराणंच इंजिनांचं, म्हणून सविस्तर लिहितो. या धाग्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून कोणी विचारली नाही: बेअरिंग कोणी भरली?

या २१६ इंजिनाच्या रॉडना आजच्यासारखे सुटे शेल बेअरिंग नसतात. कनेक्टिंग रॉडच्या डोळ्यातच व्हाइट मेटल, म्हणजे बेअरिंगचा मऊ मिश्रधातू, ओतलेलं असतं. रॉड तापवायचा, कथिलाचा हात द्यायचा, साच्यात धरून वितळलेला धातू एका दमात ओतायचा. मध्ये हात थांबला तर थर सुटतो आणि गाडी थोडी चालली की खपली निघते. मग बोअर मारायचा, क्रँकला खुणेचा निळा रंग लावून रॉड फिरवायचा, निळं जिथे उमटेल तिथे स्क्रेपरने खरवडायचं. पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं, टेकण सगळीकडे सारखं येईपर्यंत. कॅपखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे शिम, असतात. झीज झाली की एकेक शिम काढून ढिलाई घ्यायची. हे काम करणारे हात आता पुण्यात फार थोडे उरलेत.

दुसरं, या रॉडना दाबाचं तेल मिळत नाही. खालच्या तेलाच्या पन्हाळीत प्रत्येक रॉडची कॅप एकेक डुबकी मारते आणि पळीने आमटी घ्यावी तसं तेल उचलते. कमी फेऱ्यांवर हे उत्तम चालतं. पण एक्स्प्रेस वेवर तास-दीड तास दामटली तर व्हाइट मेटल वितळतं आणि रॉड ठोकायला लागतो. ताशी ६० ते ६५ हा तिचा सुखाचा वेग. घेणारा माणूस हे समजणारा असावा. शेवरोलेचंच २३५ इंजिन दाबाच्या तेलाचं आलं ते नंतर.

अनुजा_टिंबरमार्केट

भोसरीचे दादा, बाबा हे दोनदा ऐकून बसलेत. बेअरिंग शिवाजीनगरला एका वृद्ध कारागिरांकडून भरून घेतली होती, ते आता काम करत नाहीत. शिमचा जास्तीचा सेट डब्यात आहे. बाबा विचारतात, तेल कोणतं घालता?

भोसरी_रीकंडिशन

कोणी ३० नंबर घालतं, कोणी पातळ मल्टिग्रेड. आम्ही हंगाम बघून ठरवतो. ग्रेडवर वाद होईल, पण वेळेवर बदलण्यावर नको. त्या काळी कंपनीचा ऑइल फिल्टर जास्तीचा पर्याय म्हणून मिळायचा, सगळ्या गाड्यांना नव्हता. तुमच्या गाडीला नसेल तर तेल लवकर लवकर बदलायचं, तेच तिचं आयुष्य.

कोथरूडचा_ईव्हीवाला

आम्ही विजेच्या गाडीवाले, पण हे वाचताना जेवायचं राहिलं. एक विचारू? सहा व्होल्ट कशाला ठेवलं? बारा करून टाकलं तर दिवे लख्ख, बॅटरी कुठेही मिळते.

नानापेठेतला_नाना

बारा करता येतं, बरेच जण करतात. पण बल्ब, कॉइल, काट्यांची घड्याळं, हॉर्न, सगळ्याचा विचार करावा लागतो. आणि सहा व्होल्टचे दिवे मंद असतात ही तक्रार बहुतेक वेळा वायरीची असते. तेवढ्याच वॅटला सहा व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो. म्हणजे वायर जाड हवी, अर्थिंगचे जोड घासून चकचकीत हवेत. लोक बाराची बारीक वायर टाकतात आणि मग सहाला नावं ठेवतात. स्टार्टरची केबल तर अंगठ्याएवढी हवी.

अनुजा_टिंबरमार्केट

केबल जाड आहे. स्टार्टर पायाने दाबायचा आहे, थंडीतही दुसऱ्या दाबाला घेते. सहा व्होल्ट ठेवण्याबद्दल बाबा ठाम आहेत.

हडपसर_हरी

ई२० पेट्रोलचं, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्याचं, काय? माझ्या जुन्या स्कूटरचं रबर फुगलं, कार्ब्युरेटर गळायला लागला. हिला तर टाकी केबिनमध्येच, गळती झाली तर पेट्रोल सीटमागे.

भोसरी_रीकंडिशन

हरीभाऊ, चांगली आठवण केलीत. इथेनॉल जुन्या रबराला आणि बुचाच्या गास्केटना त्रास देतं आणि हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की टाकी आतून गंजते. उपाय साधे आहेत. नळ्या विटॉनच्या (इथेनॉल सोसणारं रबर), पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारा, आणि उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून. कॉम्प्रेशन ६.६ ला १ एवढंच आहे, ऑक्टेनची चिंता तिला नाही. रबर तेवढं सांभाळायचं.

संगमपुलाचा_एजंट

आरटीओचं विचारलंत ना ताई. आधी तीन प्रश्न. पुस्तक कोणाच्या नावावर? चासी आणि इंजिन नंबर गाडीवर आहेत तेच पुस्तकात आहेत का? नोंद मालवाहू की खासगी?

अनुजा_टिंबरमार्केट

बाबांच्या नावावर. दोन्ही नंबर जुळतात. आजोबांच्या वेळी मालवाहू होती, वखार बंद झाल्यावर बाबांनी खासगी करून घेतली, त्याची नोंद पुस्तकात आहे. फिटनेस अजून चालू आहे.

संगमपुलाचा_एजंट

मग अर्धं काम झालं. आता दोन वाटा.

नेहमीची वाट: खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवतात. ती चालू असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर हस्तांतर होतं. विकल्यावर १४ दिवसांत विकणाऱ्याने कळवायचं असतं, हे विसरू नका. गाडी दुसरीकडे गेली आणि कागद तुमच्या नावावर राहिले, तर अपघाताचं बालंट तुमच्या दारात येतं.

दुसरी वाट व्हिंटेज नोंदणीची. २०२१ मध्ये केंद्राने नियम केला. वैयक्तिक वापराची गाडी, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुन्हा करायला ५,०००. नवीन नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, आधीचा नंबर असेल तर तो ठेवता येतो. पण अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. धंद्यासाठी तर नाहीच.

तुमची पूर्वी मालवाहू होती, म्हणून दुसऱ्या वाटेने जायच्या आधी कार्यालयात पुस्तक दाखवून लेखी विचारा. सासवडच्या मुलाला रविवारी हिंडवायची असेल तर त्याला पहिलीच वाट सोयीची.

लग्नघर

वरातीसाठी भाड्याने देता का? भावाचं लग्न आहे, नवरानवरी हौद्यात उभे!

संगमपुलाचा_एजंट

भाडं घेतलं की तो धंदा झाला. खासगी नोंदणीवर नको. मैत्रीत बोलवा, फोटो काढा.

अनुजा_टिंबरमार्केट

@लग्नघर, विकायच्या आधी तारीख असेल तर फोटोसाठी आनंदाने या. पैसे नकोत. हळद मात्र सीटला लावू नका.

व्यवहारी_वाकड

मूळ प्रश्नावर येतो. मी रिसॉर्टला देईन. चार लाख हा घरभाड्याचा मोठा आधार आहे. शिवाय रिसॉर्टवर शेकडो मुलं ती गाडी बघतील. सासवडच्या गोठ्यात बंद राहिली तर कोण बघणार? भावना मला समजते, पण बाबांच्या औषधपाण्याचाही विचार करा.

इतिहासप्रेमी_खडकी

वाकडकर, पैशाचा मुद्दा मान्य. पण फाटकाशी उभ्या केलेल्या गाडीचं काय होतं ते सांगतो. हौद्यात माती भरली की पावसाळ्यात सागवानही कुजतं आणि पाणी खाली चासीवर उतरतं. इंजिन फिरलं नाही की रिंगा सिलिंडरला धरतात. रेडिएटरमधलं पाणी तसंच राहिलं तर आतून गंजून ब्लॉकला भोक पडतं. मुलं चढतात, तिकोनी काच तुटते, आणि ती काच मिळत नाही म्हणून तिथे अ‍ॅक्रिलिकचा तुकडा येतो. काही पावसाळ्यांत तिचा सांगाडा होतो आणि शेवटी भंगारवाला येतो. बाबांची सगळी मेहनत इंजिनात आहे, आणि तिथे तेच बंद पडणार.

व्यवहारी_वाकड

हे पटलं. मग करार करा ना? महिन्यातून एकदा चालू करायची, छपराखाली ठेवायची.

वकिलीण_बाई_डेक्कन

करार जरूर करता येतो. पण एकदा मालकी गेली की दर महिन्याला कोण तपासायला जाणार, आणि मोडला तर नुकसान किती झालं हे कसं सिद्ध करणार? गाडी नीट सांभाळली जावी अशी इच्छा असेल तर माणूस निवडा, कलमावर विसंबू नका. आगाऊ रक्कम घ्याल तिची पावती मात्र करा.

सासवडचा_पोरगा

नमस्कार. धागा माझ्याच गाडीवर चाललाय हे मित्राने सांगितलं. 'माझ्याच' लिहिलं, माफ करा, अजून झाली नाही.

आमचं अंजिराचं आणि सीताफळाचं आहे. वडिलांची महिंद्राची जीप मीच सांभाळतो, इंजिन उतरवण्यापासून सगळं. गोठ्यात ठेवणार नाही, शेड बांधून तयार आहे, सिमेंटचा कोबा केलाय. मला ती माल भरायला नको. रविवारी घरच्यांना घेऊन जेजुरीला जाऊन यायचं, पालखी येते त्या दिवशी दारात उभी करायची. भोसरीच्या दादांचं व्हाइट मेटलचं वाचून मी झोपलो नाही. मला ते काम शिकायचंय. दादा, शिकवाल का?

पैशाचं खरं सांगतो. १० आज आहेत. अंजिराचे पैसे आले की आणखी एक देऊ शकतो. त्यावर माझी ऐपत नाही.

भोसरी_रीकंडिशन

ये बाळा. शनिवारी दुपारनंतर शॉप निवांत असतं. जुने कपडे घालून ये.

मंडईची_लेक

माझं मत सासवडला. डोळ्यात पाणी आलं वाचून.

कोथरूडचा_ईव्हीवाला

+१. सासवड.

व्यवहारी_वाकड

मीही बदललो. ११ ला द्या. खर्च निघतोय आणि वर दीड राहतोय.

अनुजा_टिंबरमार्केट

मंडळी, रविवारी तो आणि त्याचे वडील आले होते. बाबांनी त्याला काही न सांगता किल्ली दिली. त्याने आधी बॉनेट उघडून तेलाची काडी बघितली, मग पाणी, मग खाली वाकून गळती. चोक ओढला, स्टार्टर दाबला, गाडी चालू झाल्यावर लगेच रेस केली नाही, गरम होऊ दिली. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "याला दे."

११ ठरलेत. १० आता, १ फळाच्या हंगामानंतर, वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे कागदावर. रिसॉर्टवाल्यांना मी फोन करून नम्रपणे नाही सांगितलं. चार लाखांमधले तीन गेले याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. तरी निर्णय माझा आणि बाबांचा दोघांचा आहे.

गाडीबरोबर जातंय ते असं: शिमचा सेट, हेड गास्केट दोन, जास्तीचा डिस्ट्रिब्युटर कॅप, मूळच्या दोन फळ्या, बाबांची कामाची वही. वहीच्या पहिल्या पानावर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ मोठ्या अक्षरांत आहे.

संगमपुलाचा_एजंट

अभिनंदन. फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्याशिवाय किल्ली हातात देऊ नका. विमाही त्याच दिवशी त्याच्या नावावर करायला टाका. आणि उच्च सुरक्षेची नवी नंबरप्लेट लागलीय का? १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची आहे.

अनुजा_टिंबरमार्केट

प्लेटची तारीख घेतलीय. ती लागली की सह्या.

सासवडचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. एकच विचारायचंय. नेताना दिवे घाटाने नेऊ की बोपदेवने? आणि टायर ६.००-१६ चे आहेत, नक्षी चांगली दिसते, बदलू का?

नानापेठेतला_नाना

दिवे घाटाने. बोपदेवची वळणं अरुंद आणि चढ उभा, नवख्या हाताला पहिल्याच दिवशी नको. पहाटे निघ, चढाला आधीच खालचा गिअर टाक, मध्ये बदलायला जाऊ नकोस. पुढे कधी उतरताना ब्रेकवर बसून राहायचं नाही, चारही चाकांना ड्रम आणि एकच मास्टर सिलिंडर आहे, इंजिनवरच उतरव. टायरची नक्षी बघू नकोस, बाजूच्या भिंतीवर बनवल्याचा आठवडा आणि साल असतं ते बघ, आणि चिरा बघ. हाच साइझ जुन्या जीपला लागतो, नाना पेठेत मिळेल. पाच घे, स्टेपनीसकट. माझं नाव सांग दुकानात.